खिशात उरलेली पिन : एका रात्रपाळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळावर एका विमान कंपनीचं जेट काही काळ रात्री थांबत असे. एसटीची मुक्कामी गाडी जशी संध्याकाळी गावात येते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते, तसं हे मुक्कामी विमान. रात्री पावणेदहाला उतरायचं, सकाळी सातला मुंबईसाठी निघायचं. मधले नऊ तास ते आमच्या, म्हणजे देखभाल-दुरुस्तीवाल्यांच्या, ताब्यात. कंपनी, विमानाचा प्रकार, साल आणि माणसांची नावं मी मुद्दाम काढली आहेत. ज्यांचा उल्लेख आहे त्यांना हे लिखाण आधी वाचून दाखवलं आहे.

मी तिथे शिफ्ट मॅनेजर होतो. मोठ्या तळावर शिफ्ट मॅनेजर माणसं आणि कामं जुळवतो, सही करायला वेगळे इंजिनिअर असतात. आमच्यासारख्या छोट्या स्टेशनवर दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात. माझ्याकडे डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाचं, सीएआर-६६ या नियमाखालचं बी१.१ देखभाल लायसन्स होतं, त्यावर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची पात्रता, आणि त्यावर कंपनीचं ऑथरायझेशन. ही तिन्ही असली तरच काम झाल्यावर सीआरएसवर, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिसवर, सही करता येते. टेक्निशियनची सही सांगते की काम केलं. माझी सही सांगते की काम मंजूर पद्धतीनं झालं आणि विमान उडायला योग्य आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

रात्रपाळीला आम्ही तिघं असायचो. मी, एक ज्येष्ठ टेक्निशियन ज्यांना सगळं स्टेशन 'मामा' म्हणतं, आणि एक धाकटा टेक्निशियन. तो बीड जिल्ह्यातल्या एका गावचा, मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत राहायचा. कामाला चोख, बोलायला थोडा. नोकरी सांभाळून लायसन्सच्या मॉड्यूल परीक्षांची तयारी करत होता.

महिना मेचा. दिवसा ४१-४२ अंश. पत्र्याखाली दिवसा झोपणं म्हणजे काय, हे रात्रपाळी केलेल्यालाच कळेल. त्यात त्या दिवशी त्याच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. जायकवाडीचा नाथसागर इतक्या जवळ असूनही या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येतं, आणि ते येतं तेव्हा घरात कुणीतरी जागं लागतं. तो एकटाच राहायचा. दुपारी दीड ते चार तो बादल्या आणि ड्रम भरत होता. त्या दिवशी त्याची एकूण झोप तीन तासांच्या आत होती. हे मला नंतर कळलं. रात्री दहा वाजता मी त्याला विचारलं नव्हतं.

त्या रात्री

विमान आल्यावर फेरी मारताना मामांना चार नंबरच्या मेन व्हीलच्या टायरवर काप दिसला. चार नंबर म्हणजे विमानाच्या उजव्या पायाचं, उजव्या लँडिंग गिअरचं, बाहेरचं चाक. कापाची खोली मोजली, मर्यादेबाहेर निघाली. चाक बदलायचं ठरलं. स्टेशनवर तयार चाक होतं, जॅक होता, नायट्रोजन होता. यात विशेष काही नाही. चाक बदलणं हे लाइनवरचं रोजच्या सवयीचं काम आहे, आणि सवयीच्या कामातच डोळा लवकर निवतो.

काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं प्रकरण त्याच्या शेवटच्या पायरीवर आहे. जॅक लावून पाय उचलायचा, हबकॅप (चाकाच्या मधोमधचं झाकण) काढायची, ॲक्सल नटाचं लॉकिंग सोडायचं, नट काढून चाक उतरवायचं. नवीन चाक चढवल्यावर ते हातानं फिरवत ठेवून नट आधी जास्त टॉर्कला, म्हणजे मोजून जास्त जोरानं, आवळायचा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग नट सैल करून पुन्हा कमी टॉर्कला आवळायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, कमी आवळला तर चाकाला खेळ येतो. टॉर्क झाल्यावर नट फिरू नये म्हणून दोन लॉक बोल्ट आणि प्रत्येक बोल्टाच्या नटाला एक कॉटर पिन. पिनेचे पाय वाकवले की लॉक पूर्ण. मग हबकॅप. कॉटर पिन एकदा काढली की टाकून द्यायची असते. दर वेळी नवीनच.

पहिला निर्णयाचा क्षण इथे आला आणि तेव्हा तो निर्णय आहे असं मला वाटलंच नाही. विमानाच्या पुढच्या गॅलीत, म्हणजे खाण्यापिण्याच्या तयारीच्या जागेत, पाणी गळत होतं. ते बंद झालं नाही तर सकाळी केबिन क्रू तक्रार करणार, म्हणून चाक चढल्यावर मी मामांना चाकावरून काढून गॅलीकडे पाठवलं. चाकाजवळ धाकटा आणि मी. टॉर्कच्या दोन्ही वेळा मी स्वतः रेंचचं रीडिंग पाहिलं. दुसरा टॉर्क झाला आणि फोन वाजला. मेंटेनन्स कंट्रोलला, म्हणजे कंपनीच्या देखभाल नियंत्रण कक्षाला, गॅलीच्या व्हॉल्व्हचा पार्ट नंबर हवा होता. मी चार पावलं बाजूला गेलो. बोलणं लांबलं, कारण आमच्याकडच्या व्हॉल्व्हचा नंबर त्यांच्या यादीशी जुळत नव्हता. परत आलो तेव्हा हबकॅप बसलेली होती.

"पिना?" मी विचारलं.

"टाकल्या सर."

मी सही केली.

त्याच्यावर माझा विश्वास होता आणि आजही आहे. पण सीआरएस विश्वासावर द्यायचा कागद नाही. लॉकिंग मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि हबकॅप पुन्हा उघडायला दहा मिनिटं पुरली असती. आमच्या कार्यपद्धतीत एका चाकाच्या बदलाला दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी सक्तीची नव्हती, त्यामुळे मी कुठलाही लिखित नियम थेट मोडला नव्हता. नियम मोडला नाही म्हणजे काम पूर्ण झालं, असं मी तेव्हा धरलं. या प्रकरणातली माझी मूळ चूक ही आहे, आणि पुढे जे काही झालं त्याच्याआधी ती लिहिणं मला आवश्यक वाटतं.

सकाळी सहाला हँडओव्हर झाला. वहीत लिहिलं : मेन व्हील नं. ४ बदललं, सीआरएस दिला, गॅलीची गळती बंद, बाकी काही नाही. दिवसपाळीच्या इंजिनिअरनं वाचून सही केली.

सहा चोवीसचा फोन

मी पार्किंगमध्ये हेल्मेट घालत होतो. फोनवर धाकट्याचं नाव.

"सर, मी घरून बोलायलो. कपडे काढताना पँटच्या खिशातून एक पिन पडली. नवीनच हाये."

"कॉटर पिन?"

"हां सर. कालच्या चाकाचीच. मला आता ध्यानात येईना झालंय, मी दोन्ही टाकल्या का एकच."

मी तीन गोष्टी विचारल्या. स्टोअरमधून किती घेतल्या होत्या? "दोन, स्लिपवर दोन लिहिल्यात." पिनेचे पाय वाकलेले आहेत का? "न्हाई सर, सरळ हायेत." पाय वाकवताना पक्कड दोनदा लावल्याचं आठवतं का? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एकदा आठवतंय. दुसऱ्यांदाचं सांगता येईना."

शेवटचं उत्तर ऐकून मला त्याच्याबद्दल जो आदर वाटला तो अजून तसाच आहे. "हो, दोनदा लावली" म्हणणं त्याला अगदी सोपं होतं. त्याच्या हातात त्याची नोकरी होती, लायसन्सची आशा होती, आणि तिकडे विमान निघायला ३६ मिनिटं होती. पिन कचऱ्यात टाकून तो झोपला असता तर कुणालाही कधी काही कळलं नसतं.

मी त्याला म्हटलं, "बरं केलंस फोन केलास. पिन जपून ठेव, फोन चालू ठेव, झोपू नकोस." आणि तिथूनच दिवसपाळीच्या इंजिनिअरला फोन लावला.

समोर असलेले पर्याय

पुढच्या काही मिनिटांत जे पर्याय बोलले गेले ते सगळे इथे देतो. यातला एकही वेडगळ नव्हता.

विमान सोडावं आणि मुंबईत तपासावं, हा पहिला. मेंटेनन्स कंट्रोलच्या ड्यूटी मॅनेजरनं तो मांडला. त्यांचा तर्क असा : टॉर्क मी स्वतः पाहिलाय, लॉक बोल्ट दोन आहेत, एका बोल्टाला पिन नसली तरी बोल्टाचा नट एका उड्डाणात सुटून पडेल ही शक्यता फार कमी, मुंबई तासाभराच्या आत येते, आणि तिथे माणसं-साधनं भरपूर आहेत. अभियांत्रिकी म्हणून मला हा तर्क खोडता येत नव्हता. मी पैज लावली असती तर त्यांच्या बाजूनंच लावली असती. पण विमान असं सोडायला कागदावर जागाच नाही. एखादं यंत्र बंद असताना उडायची सवलत मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये असते. चाकाच्या नटाचं लॉकिंग अशा यादीत येत नाही. ते एकतर आहे, नाहीतर विमान जमिनीवर आहे. शिवाय सही करताना मला जे माहीत होतं ते आता बदललं होतं. मला शंका आहे हे ठाऊक असताना जुनी सही तशीच उभी ठेवणं म्हणजे कॅप्टनला खोटा कागद देणं.

हिशोब जुळवून शंका मिटवावी, हा दुसरा पर्याय, आणि मला तो सर्वांत मोहात पाडणारा वाटला. स्टोअरच्या बिनमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या खणात, किती पिना होत्या, किती उरल्या, हे मोजायचं. मामा अजून बाहेर पडले नव्हते. त्यांनी लगबगीनं बिन पालथा घातला. पण पिना पाकिटानं येतात आणि सुट्ट्या दिल्या जातात, मागच्या नोंदी वजा करून येणारा आकडा आणि बिनमधला आकडा यांत तीनचा फरक निघाला. म्हणजे कागद काहीच सांगत नव्हता. समजा आकडा बरोबर जुळला असता, तर? मी थांबलो असतो का? मला भीती वाटते की मी त्या जुळलेल्या आकड्याला धरून विमान सोडलं असतं. आकडा जुळणं आणि पिन जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा पर्याय सरळ होता. हबकॅप काढून पाहायचं. जॅक लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण बोर्डिंग सुरू झालेलं, साठएक प्रवासी आत बसलेले, आणि सातची वेळ गेली की मुंबईचा स्लॉट, म्हणजे तिथे उतरायला ठरवून दिलेली वेळ, जाणार. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर सकाळच्या वेळी जी गर्दी असते, त्यात चुकलेला स्लॉट वीस मिनिटांच्या उशिराचे चाळीस करतो.

काय केलं

तिसरा निवडला. निवडायला फोननंतर चार मिनिटं लागली. ती चार का लागली, एक का नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. उत्तर सोपं आहे : मला थकवा होता, घरी जायचं होतं, आणि चूक माझ्या सहीची होती. या तिन्हींमुळे माणूस पुरावा शोधत बसतो.

दिवसपाळीच्या इंजिनिअरला मी सांगितलं, चाकांना लावलेले चोक (अडसर) काढू देऊ नका आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, नवीन नोंद उघडा : चार नंबर चाकाच्या नटाचं लॉकिंग पडताळायचं आहे. ही नोंद पडली की जुन्या सहीचा प्रश्न संपतो. ती मिटेपर्यंत विमान जात नाही, मग कुणाचाही फोन येवो. नोंद आधी, चर्चा नंतर, हा क्रम मी पुढेही पाळला आहे. नोंद नसताना चर्चा सुरू झाली तर चर्चा लांबते आणि घड्याळ निर्णय घेतं.

मी एईपी, म्हणजे विमानतळात शिरायचा पास, दाखवून, पुन्हा सुरक्षा तपासणीतून आत गेलो. त्यात सात मिनिटं गेली. कॅप्टनना कॉकपिटमध्ये जाऊन समोरासमोर सांगितलं. फोनवरून निरोप दिला असता तर "इंजिनिअरिंगला काहीतरी बघायचंय" एवढंच पोचलं असतं. मी म्हटलं, "रात्री चाक बदललं, सही माझी आहे, लॉकिंग मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि आता मला त्याची खात्री देता येत नाही." त्यांनी एकच विचारलं, "किती वेळ?" मी पंचवीस मिनिटं सांगितली. त्यांनी बोर्डिंग थांबवायला सांगितलं आणि प्रवाशांना स्वतः मराठी आणि इंग्रजीत कळवलं की एका चाकाची तपासणी होते आहे. स्टेशन मॅनेजर मॅडम नाराज होत्या आणि त्यांची नाराजी रास्त होती. मुंबईहून पुढची विमानं पकडणारे प्रवासी कोण कोण आहेत ही यादी त्यांच्या हातात होती.

आता हबकॅप कुणी काढायची? माझे हात शिवशिवत होते. पण मी मागे थांबलो.

याचं कारण मानवी घटकांच्या वर्गात शिकवलं जाणारं एक प्रकरण आहे, जे मी विसरू शकत नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. केबिन क्रूनं त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचले. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासानं बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला कमी. ते काम रात्री, माणसं कमी असताना, शिफ्ट मॅनेजरनं स्वतः केलं होतं. त्यानं जुन्या बोल्टाशी नजरेनं जुळवून नवीन घेतले होते आणि त्यावर दुसऱ्या कुणाची तपासणी ठरलेली नव्हती. ते वाचताना मला दर वेळी वाटतं की तो माणूस आळशी नव्हता. कामाला पुढे होणारा, स्टेशनचं काम अडू नये म्हणून हात घालणारा होता. माझ्यासारखाच.

मी रात्रभर जागा होतो आणि माझ्या मनाला पिना जागेवर दिसायला हव्या होत्या. अशा डोळ्यांनी तपासणी करू नये. दिवसपाळीच्या इंजिनिअरनं हबकॅप काढली, मी दहा फुटांवर उभा राहिलो.

निष्पत्ती

दोन बोल्ट, दोन पिना, दोन्हींचे पाय नीट वाकवलेले. सगळं बरोबर होतं.

इंजिनिअरनं मला जवळ बोलावून दाखवलं, हबकॅप बसवली, टेक लॉगची नोंद मिटवून स्वतःच्या सहीनं नवा सीआरएस दिला. विमान ७ वाजून ४१ मिनिटांनी निघालं. मुंबईत काही प्रवाशांची पुढची विमानं चुकली. त्यांच्यासाठी ती सकाळ वाया गेली आणि ते मी हलकं करून सांगणार नाही.

तिसरी पिन कुठून आली? मामांचं म्हणणं, नव्या पाकिटातल्या पिनांवर तेलाचा पातळ थर असतो, दोन चिकटून येतात, दोन समजून तीन घेतल्या गेल्या. तसंच असावं. सिद्ध झालं नाही.

मी धाकट्याला फोन करून सांगितलं, "दोन्ही आहेत. झोप आता." तो काही बोलला नाही. फोनवर फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

चौकशी आणि तिचा निकाल

पिन खरोखरच नसती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. अपघात टळला म्हणून पाठ थोपटली गेली असती. पिना सापडल्या म्हणून प्रश्न उभा राहिला : मग ४१ मिनिटं कशासाठी घालवली?

त्याच दिवशी दुपारी खुलासा मागवला गेला. उशीर इंजिनिअरिंगच्या खात्यात पडला, आणि शेऱ्यात 'टाळता येण्याजोगा' हा शब्द होता. सुचवलं गेलं की टेक्निशियनला लेखी ताकीद द्यावी, कारण उरलेलं साहित्य स्टोअरला परत न करता घरी नेलं. हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. उरलेली पिन परत करायचीच असते.

इथे माझ्यासमोर तिसरा निर्णय होता. मला गप्प बसता आलं असतं. ताकीद त्याला, उशीर खात्याला, आणि माझी सही जशीच्या तशी. मी अंतर्गत सुरक्षा अहवालात चार गोष्टी लिहिल्या. लॉकिंग मी पाहिलं नाही. मामांना चाकावरून मी काढलं. माणसाची झोप मी विचारली नाही. आणि चौथा माणूस म्हणून फोनवर असलेल्या मेंटेनन्स कंट्रोलनं मला त्याच क्षणी अडवलं, तो फोन मी घ्यायला नको होता. सीएआर-१४५ मध्ये, म्हणजे विमान देखभाल संस्थांसाठीच्या नियमांत, कामाचं नियोजन करताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात असं आहे. मी नियोजन करणारा होतो, त्यामुळे ते वाक्य माझ्याविषयी आहे, असं मी नमूद केलं.

ताकीदीला मी विरोध केला. बैठकीत मी म्हणालो ते असं : या मुलाला या फोनबद्दल एक कागद मिळाला, तर पुढच्या माणसाच्या खिशातून पिन पडेल तेव्हा तो आधी हा कागद आठवेल. वरिष्ठांपैकी एकाचं उत्तर मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, "प्रत्येक शंकेला विमान थांबवलं तर लोक शंका सोपी करून टाकतील, काम करताना लक्ष द्यायचं सोडून नंतर फोन करतील." असं होताना मी कधी पाहिलेलं नाही. पण होऊ शकत नाही असं म्हणायलाही माझ्याकडे आधार नाही.

निकाल अर्धामुर्धा लागला. लेखी ताकीद रद्द झाली, पण त्याच्या फाइलमध्ये 'समज दिली' अशी नोंद राहिली. माझं ऑथरायझेशन आठ दिवस थांबवून मला फेरप्रशिक्षणाला पाठवलं गेलं. ते योग्य होतं. त्याच्या फाइलमधली नोंद योग्य नव्हती, आणि ती काढावी म्हणून मी पुढे दोनदा लिहिलं. मी ते स्टेशन सोडलं तोवर ती निघाली नव्हती.

मामांचं एक बोलणं इथे नोंदवतो, कारण सगळ्या चौकशीत ते कुठे आलं नाही. चहाच्या वेळी ते म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाली मला. माझ्या खिशातून निघाली असती ना, तर मी फोन केला नसता." मी विचारलं, का? "आमच्या वेळी फोन केलेल्याचं काय झालं ते आम्ही बघितलंय." या विमानतळावरच्या जुन्या माणसांना १९९३ ची दुपार आठवते, जेव्हा उड्डाण घेणारं विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. त्या अपघाताचा चाकाच्या पिनेशी काही संबंध नाही. पण ज्यानं तो धूर पाहिलाय असा माणूसही फोन केला नसता म्हणतो, याचा अर्थ त्याला दुसऱ्या कशाची तरी भीती जास्त होती. ती भीती आमच्यासारख्या पाळीप्रमुखांनी घातलेली आहे.

आज मी काय वेगळं करेन

हबकॅप बसण्याआधी लॉकिंग पाहीन. फोन वाजत असला तर वाजू देईन. चाकाचं काम सुरू असताना स्टेशनचा फोन मी आता मामांसारख्या दुसऱ्या माणसाकडे देतो, आणि मेंटेनन्स कंट्रोलला आधीच सांगतो की अमुक वेळ मी मिळणार नाही. सुरुवातीला त्यांना हे रुचलं नाही, मग सवय झाली.

मामांना गॅलीकडे पाठवणार नाही. गळणाऱ्या पाण्याखाली ट्रे ठेवून सकाळी दिवसपाळीला सांगता आलं असतं. त्या रात्री मी प्रवाशांना दिसणाऱ्या कामाला न दिसणाऱ्या कामापेक्षा जास्त वजन दिलं.

उरलेल्या वस्तूंसाठी आम्ही कामाच्या कागदाला एक छोटं पाकीट जोडायला लागलो. स्टोअरमधून किती घेतलं ते पाकिटावर लिहायचं, जुन्या काढलेल्या पिना आणि उरलेल्या नव्या पिना त्यातच टाकायच्या, आणि सही करणाऱ्यानं पाकीट उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही. जुन्या दोन, नव्या शून्य. याला खर्च जवळपास काही नाही. हे अजून चालू आहे असं कळतं.

झोपेचं काम मात्र अवघड निघालं. "झोप झाली का?" या प्रश्नाला प्रत्येक जण "झाली" म्हणतो. म्हणून मी ड्यूटी तक्त्यावर एक रकाना वाढवला : पाण्याचा दिवस. कुणाच्या वस्तीत कधी पाणी येणार हे सगळ्यांना माहीत असतं, ते सांगण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ज्याचा पाण्याचा दिवस, त्याला त्या रात्री चाक, ब्रेक, इंजिनाची कामं द्यायची नाहीत किंवा पाळी बदलून द्यायची. उन्हाळाभर हे छान चाललं. पावसाळ्यात रकाना रिकामा राहू लागला आणि पुढच्या तक्त्यात तो कुणीतरी काढून टाकला. मी तो पुन्हा घालायला हवा होता.

आणि तो फोन. धाकट्याकडे माझा खासगी नंबर होता म्हणून त्यानं मला लावला. नंबर नसता, किंवा मी गाडी चालवत असतो आणि उचलला नसता, तर? आम्ही पाळीचा एक मोबाइल ठरवला, तो नंबर प्रत्येक लॉकरच्या दाराला आतून चिकटवला, आणि ठरवलं की पाळी संपल्यावर कुणाला शंका आली तर त्या नंबरवर सांगायचं, आणि उचलणाऱ्यानं पहिलं वाक्य "बरं केलंस" हेच म्हणायचं. त्या पावसाळ्यात तो फोन अशा कारणासाठी दोनदा वाजला. एकदा टॉर्क रेंचचा नंबर कागदावर चुकीचा पडला होता. दुसऱ्यांदा एका पॅनेलचे स्क्रू पूर्ण आवळल्याची खात्री वाटत नव्हती. दोन्ही वेळा फोन आला तेव्हा विमान मुंबईकडे निघून गेलेलं होतं. पुढच्या स्टेशनला कुणी, कोणत्या शब्दांत आणि किती मिनिटांत कळवायचं, हे आमच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वेळी आम्ही अंदाजानं केलं. दुसऱ्या फोननंतर मामा आणि मी बसून दीड पानाचा मसुदा केला आणि मंजुरीला पाठवला.